माझा छंद : बॅटरी उघडणे



‘माझा आवडता छंद’ हा निबंध आपण सगळेच दर वर्षी मुलांकडून लिहून घेतो. तुमच्या वर्गाचं मला माहीत नाही, पण आमच्या सातवीत त्या वर्षी २७ वह्यांपैकी १९ वह्यांत ‘पोस्टाची तिकिटे जमवणे’ हाच छंद निघाला. आमच्या वाडीत पोस्टमन येतो तो बँकेची पत्रं घेऊन. तिकीट चिकटवलेलं पाकीट यातल्या किती मुलांनी हातात धरलं असेल? निबंध गाईडमधला आहे हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही ठाऊक. तरी मी डोळे मिटून दहापैकी सात, साडेसात असे गुण देत गेलो.

गठ्ठ्याच्या तळाशी एक वही होती. त्यात एवढंच लिहिलं होतं : ‘माझा छंद बॅटऱ्या उघडणे हा आहे. मी बॅटरी उघडतो. आत काय आहे ते बघतो. परत लावतो. कधी कधी परत लागत नाही. मग बाबा ओरडतात.’

निबंध दहा-बारा ओळींचा हवा होता. मी तीन गुण दिले आणि लाल पेनाने शेरा मारला, ‘विस्तार करा’.

आता गंमत बघा. हे मी लिहीत होतो तेव्हा माझ्या टेबलावर वह्यांच्या शेजारी काय होतं? शेजारच्या काकूंची दोन सेलांची बॅटरी, मागचं झाकण काढलेलं, स्प्रिंग बाहेर, आणि पॉलिश पेपरचा तुकडा. म्हणजे त्या मुलाचा आणि माझा छंद एकच होता. फरक इतकाच की वीस वर्षांच्या नोकरीत मी तो एकाही वर्गाला सांगितला नव्हता. शिक्षकाचा छंद म्हणजे वाचन, असं आपण सांगतो ना, तसंच मीही सांगत आलो होतो.

म्हणून हा माझा विस्तार. त्या मुलाला सांगितला होता, आता मी करतो.

आमच्याकडे बॅटरी म्हणजे टॉर्च. पुस्तकात तिला ‘विजेरी’ म्हणतात, शब्द गोड आहे, पण मालवणात कुणाला ‘विजेरी दे’ म्हटलंत तर तो तुमच्याकडे बघत राहील. आत घालतात ते सेल आणि आख्खी वस्तू ती बॅटरी. तिच्या आधी चूड होती, माडाच्या सुकलेल्या चुडतांची जुडी पेटवून हातात धरायची आणि वाऱ्यावर हलवत चालायचं. माझी आजी दशावतार बघून चुडीच्या उजेडात परत यायची. बाबांच्या काळात पितळी बॅटरी आली. एव्हरेडी, अलाहाबादची जीप, ही नावं तेव्हा घराघरात होती. आमची तीन सेलांची होती. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या खाली एक जादा बल्ब ठेवायची जागा असे, ते मला लहानपणी फार मोठं गुपित वाटायचं.

पहिल्या पावसात रात्री कुर्ल्या धरायला गेलो की ती बॅटरी बाबांच्या हातात आणि पिशवी माझ्या हातात. पाणंदीतून येताना बाबा उजेड पुढे लांब टाकत नसत, पायापुढच्या दोन हातांवर ठेवत. कारण फुरसं. ते मातीच्या रंगाचं आणि पाचोळ्याच्या रंगाचं असतं, लांबच्या उजेडाचा तिथे काही उपयोग नाही. हे मी तेव्हा बघितलं होतं, पण समजलं नव्हतं. समजायला चाळीस वर्षं लागली, ते पुढे येईल.

सेल उतरले की आई ते उन्हात ठेवायची. तुमच्याही घरी ठेवत असतील. सेल गरम झाला की आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते आणि शेवटची तासाभराची धुगधुगी मिळते. सेल भरत बिरत नाही. मी सहावीत असताना ‘सूर्यापासून वीज मिळते’ याचं उदाहरण म्हणून हे परीक्षेत लिहिलं होतं आणि गुरुजींनी बरोबर दिलं होतं!

मग नोकरी, बदल्या, लग्न यात हे सगळं मागे पडलं. परत सुरू झालं ते मे २०२१ मध्ये. १६ मे रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गेलं. माड, आंबे, विजेचे खांब आडवे झाले. आमच्या वाडीत वीज यायला बारा दिवस लागले. मोबाइल दुसऱ्या दिवशीच मेले. तेव्हा घरोघरच्या माळ्यावरच्या जुन्या बॅटऱ्या खाली आल्या आणि त्यातल्या निम्म्या लागेनात. ‘गुरुजी, तुमका ह्यातला कळता ना?’ म्हणून पहिली बॅटरी माझ्या पडवीत आली. त्या बारा दिवसांत पंधरा-सोळा तरी आल्या असतील.

सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यातल्या बहुतेकांना काहीही झालं नव्हतं. खाऱ्या हवेने स्प्रिंगवर आणि पितळी पट्टीवर गंज चढला होता, कुठे फुटलेल्या सेलातलं पाणी सुकून पांढरं झालं होतं. विद्युत परिपथ पूर्ण होत नव्हता, एवढंच. पितळेवरच्या हिरव्या गंजाला आपली सोलं उत्तम. समईला लावतो तशीच लावायची, पाण्याने पुसायची आणि पूर्ण कोरडं करायचं. स्प्रिंगच्या टोकाला पॉलिश पेपर. साध्या सेलाचं पाणी आंबट असतं, तिथे खायचा सोडा ओला करून लावायचा. अल्कलाइन सेलाचं उलट, तिथे व्हिनेगरचा बोळा. आम्ल आणि आम्लारी शिकवताना माझ्या वर्गात आता निळा लिटमस नंतर येतो, सडलेली बॅटरी आधी येते.

पण काही बॅटऱ्यांचे बल्बच गेले होते आणि तसले बल्ब बाजारात मिळेनासे झाले होते. मग मी पहिला खरा बदल केला. मेलेल्या बल्बची काच कापडात गुंडाळून फोडायची, पितळी टोपी साफ करायची आणि तिच्यात एलईडी बसवायचा.

इथे जरा गणित करू, कारण यासारखं उदाहरण मला पुस्तकात सापडलेलं नाही. तीन सेल म्हणजे ४.५ व्होल्ट. साध्या पांढऱ्या एलईडीला लागतात ३.१ व्होल्टच्या आसपास आणि त्यातून २० मिलिअँपिअरपेक्षा जास्त धारा जाऊ द्यायची नाही. उरले १.४ व्होल्ट. ते भागिले ०.०२, उत्तर ७० ओहम. दुकानात ७० चा रोध मिळत नाही, ६८ चा मिळतो, त्याच्यावर निळा, करडा, काळा असे पट्टे. तो एलईडीच्या एका पायाला जोडायचा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला, उलटा लावला तर लागणार नाही. ओहमचा नियम फळ्यावर लिहून मी वर्षानुवर्षं शिकवला, पण ‘७० मिळत नाही मग काय करायचं?’ हा प्रश्न एकाही मुलाने कधी विचारला नव्हता. विचारणार कसा? फळ्यावर सगळं मिळतं.

दोन सेलांच्या बॅटरीची पंचाईत वेगळी. तिथे नवे सेलच मुळी ३ व्होल्टचे, आणि आठवड्यात ते अडीचवर येतात. पांढरा एलईडी मिणमिणतो आणि गप्प होतो. त्याला ‘जूल थीफ’ नावाचं एक छोटं सर्किट आहे : फेराइटची अंगठीएवढी कडी, तिच्यावर दोन तारांचे वेढे, एक ट्रान्झिस्टर, एक हजार ओहमचा रोध. हे सर्किट सेलातला उरलासुरला दाब धक्क्या-धक्क्यांनी वर चढवतं आणि आपण टाकून दिलेल्या सेलावरही एलईडी पेटतो. ती कडी गेलेल्या सीएफएल दिव्याच्या बुडात मिळते. मात्र नळीची काच फोडू नका हं, तिच्यात पारा असतो. बूड तेवढं उघडायचं. आईने उन्हात ठेवलेला सेल मला आठवला तो इथे.

हा पांढरा एलईडी आला कुठून? लाल आणि हिरवा आधीपासून होते, निळा होत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. पांढरा म्हणजे निळ्याच चकतीवर पिवळ्या चमकणाऱ्या द्रव्याचा लेप. जपानमध्ये शिकोकू बेटावर एका कंपनीत शुजी नाकामुरा नावाचा इंजिनिअर होता. तो सकाळी स्वतःच्या यंत्राची मोडतोड करून त्यात बदल करायचा आणि दुपारी त्यावर प्रयोग करून बघायचा. दुसऱ्या दिवशी परत तेच. १९९३ मध्ये त्याचा लख्ख निळा एलईडी जाहीर झाला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळून दिलं गेलं. नळ्या वाकवणं, वेल्डिंग करणं ही कामं नाकामुरा स्वतः करत असे. ‘उघडतो, बघतो, परत लावतो, कधी कधी परत लागत नाही’ यापेक्षा त्याचं काम फार वेगळं होतं का, असं मला त्या वहीतल्या ओळी परत वाचताना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला थांबवून घेतलं. गुणांबद्दल काही बोललो नाही, ते जमलं नाही. ‘शनिवारी शाळा सुटल्यावर थांबशील काय?’ एवढंच विचारलं. तो थांबला. पुढच्या शनिवारी चौघे झाले, नंतर सात, त्यात तीन मुली. एका मुलीचा हात तर असा स्थिर की सोल्डरिंगचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि चकचकीत यायचा. माझा अजून येत नाही.

पहिलीच अडचण आली ती विज्ञानाची नव्हती. मुलाने घरी जाऊन सांगितलं, ‘मी एलईडीची बॅटरी केलंय.’ वडील रापणीचे मच्छीमार. त्यांनी बॅटरी हातातून घेतली आणि बाजूला ठेवून दिली. ‘एलईडीचा नाव माझ्या घरात नको.’

मालवणच्या बाहेरच्या वाचकांना हे कळायचं नाही, म्हणून सांगतो. मोठ्या बोटी जनरेटर लावून समुद्रात प्रखर एलईडी दिवे सोडतात. उजेडाकडे मासळी गोळा होते, लहान पिल्लांसकट, आणि मग एकदम जाळं टाकून सगळी उचलली जाते. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्याच्या जाळ्यात काय येणार? केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली, पण बंदी कागदावर आणि दिवे दर्यात अशी तक्रार आमच्याकडचे पारंपरिक मच्छीमार अजून करतात, मोर्चे काढतात. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर ‘एलईडी’ हा शब्द शिवीसारखा आहे. आणि मी मास्तर वर्गात त्याचं कौतुक सांगत होतो, नोबेल वगैरे! सात मुलांपैकी पाच मच्छीमारांची. मला हे सुचलंच नव्हतं.

मी हसून सोडून दिलं. ‘अरे, तो दिवा वेगळा, आपला वेगळा,’ असं म्हणालो. तिथेच त्यांच्या घरी जाऊन बसायला हवं होतं, गेलो नाही.

उलट मलाच अधिक उजेडाचा नाद लागला. या छंदाची ही एक खोड आहे, ज्याला लागतो त्याला कळते. पाच मिलिमीटरचा एलईडी पुरेना म्हणून एक वॉटचा आणला. तो तापतो, म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचा तुकडा लावला. त्याला साधे सेल पुरेनात म्हणून लिथियमचे सेल. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असतात ते, ‘१८६५०’ म्हणतात त्यांना : १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, शेवटचं शून्य म्हणजे गोल आकार. एकाचा दाब ३.७ व्होल्ट. रात्री अंगणातून उजेड थेट माडाच्या शेंड्यावर जायचा आणि मुलं ‘सर, सर!’ करून ओरडायची. मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

लिथियमचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चढू द्यायचा नाही. त्यासाठी वीस-तीस रुपयांना चार्जिंगची एक छोटी पट्टी मिळते, ती ४.२ ला आपोआप थांबवते. हे मी मुलांना सांगितलं होतं. सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं, कारण पट्टी माझ्या घरी राहिली होती. ‘पुढच्या शनिवारी दाखवतो’ म्हणालो आणि त्या मुलाने मागितला म्हणून एक सेल त्याच्या हातात दिला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा आठवडा. त्याने घरातल्या जुन्या मोबाइल चार्जरची वायर तोडून ती थेट सेलाला जोडली. पडवीत. शेजारी वाळलेलं जाळं गोळा करून ठेवलेलं होतं. तो खेळायला गेला. आधी सुंसुं आवाज आला म्हणे, मग फटाक्यासारखा. नायलॉनचं जाळं धरायला किती वेळ लागतो? आईने धावत जाऊन घागरभर पाणी ओतलं, मग ओली वाळू टाकली. कुणाला लागलं नाही. मुलगा त्या वेळी पडवीत बसलेला असता तर, हे वाक्य मी पुढे पूर्ण करत नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आधी वडील शाळेच्या पायरीवर उभे होते. ओरडतील असं वाटलं होतं. ते हळू बोलले.

‘गुरुजी, जाळा जळला.’

मी म्हटलं, ‘चूक माझी. मी त्याला सांगितलं होतं की...’

‘तुमी माझ्या झिलाक शिकवलात, पण अर्ध्यार सोडलात.’

यावर उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बी.एड.च्या पाठटाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ असा एक रकाना असतो, तुम्हीही भरला असेल. त्या दिवशी माझ्या पाठाचं साहित्य माझ्या घरी कपाटात होतं आणि पाठ दुसऱ्याच्या पडवीत चालू होता.

शनिवारचा वर्ग मी बंद केला. सेल सगळे गोळा केले. मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. सहकारी म्हणाले, बरं झालं, नसत्या भानगडी कशाला, उद्या काही झालं तर नोकरी जाईल. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पालकांनी हा लेख वाचून उद्यापासून मुलाच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर देऊ नये असं वाटलं तरी मी समजू शकतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. नव्या जाळ्याच्या निम्म्या पैशांचं पाकीट खिशात होतं. दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतलं. घेतलं याचं मला हलकं वाटलं, नाहीतर त्या घरात परत पाऊल टाकता आलं नसतं. चहा झाला. मुलगा दाराआड. मग मी, जे ऑगस्टमध्ये विचारायला हवं होतं ते, नोव्हेंबरमध्ये विचारलं : तुम्हाला पहाटे दर्यावर बॅटरी कशी लागते?

ते बराच वेळ बोलले. पहाटे चारला निघायचं. काळोखात डोळा सरावला की पाण्यावरची मासळीची हालचाल, दुसऱ्या होडीची सावली, लाटेचं फुटणं सगळं दिसतं. उजेड लागतो तो फक्त दोरीची गाठ बघायला, नाहीतर जाळ्यात अडकलेला काटा काढायला. आणि नेमकं तेव्हा ही नवी पांढरी बॅटरी मारली की पुढची दहा-पंधरा मिनिटं माणूस आंधळा.

‘माका इतको उजेड नको, गुरुजी. डोळे दिपले काय मगे दर्यात काय्येक दिसना नाय.’

हे तर सातवीला शिकवता येईल असं विज्ञान आहे! डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. काळोखात काम करतात त्या दंडपेशी, त्यांना पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि लख्ख उजेडाच्या एका झोताने ती तयारी पुसली जाते. पण या पेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. म्हणून मंद लाल उजेडात वाचलं तरी काळोखातली नजर शाबूत राहते. जहाजांवर नकाशाच्या खोलीत लाल दिवा असतो तो याचसाठी. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची घरटी राखणारेही पांढरा झोत टाळतात, कारण वाळूतून निघालेली पिल्लं जिकडे उजळ दिसेल तिकडे धावतात, समुद्र सोडून. माझे बाबा फुरशाच्या वाटेवर उजेड पायापुढे ठेवायचे ते मला त्या पडवीत बसून आठवलं. किती उजेड हवा आणि कुठे हवा, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

दाराआडून आवाज आला, ‘सर, लाल एलईडीक दोनच व्होल्ट लागतत ना?’

वडिलांनी ‘एलईडी’ ऐकून कपाळाला आठी घातली, पण बोलले नाहीत.

मुलाचं बरोबर होतं. लाल एलईडीला २ व्होल्ट पुरतात. म्हणजे साधे दोन सेल, ३ व्होल्ट. लिथियम नको, चार्जर नको, जूल थीफही नको. उरला १ व्होल्ट, भागिले ०.०२, ५० ओहम. ४७ चा मिळतो, पिवळा, जांभळा, काळा. हे गणित त्याने वडिलांच्या समोर, पाटावर खडूने केलं. आणि मोठे सेल असले तर हिशेबाने दोनशे तासांच्या वर चालेल. वडिलांनी विचारलं, ‘दोनशे तास? म्हणजे किती म्हयने?’ तो हिशेब मुलाने जरा चुकवला, मी मध्ये बोललो नाही, त्यांनीच दुरुस्त केला.

बॅटरी तयार व्हायला तीन शनिवार लागले. वर्ग मी परत सुरू केला होता, मुख्याध्यापकांना लेखी कळवून, पालकांची बैठक घेऊन, आणि बैठकीत जळलेल्या जाळ्याची हकिगत स्वतः सांगून. आता आमच्याकडे फक्त साधे सेल चालतात. लिथियम बघायचा असेल तर माझ्या टेबलावर, पट्टीसकट, सिमेंटच्या कट्ट्यावर, आणि जोडणी पूर्ण तपासल्याशिवाय घरी काहीही जात नाही. वाळूची बादली दाराशी असते. मुलं तिला ‘जाळ्याची बादली’ म्हणतात. मी नाव बदलायला सांगितलं नाही.

बॅटरी जुनीच, पिवळ्या प्लॅस्टिकची. काचेच्या कडेला सायकलच्या ट्यूबची कडी कापून बसवली, मागच्या आट्यांना व्हॅसलीन, म्हणजे खारं पाणी आत जाणार नाही. काचेच्या आतून बटर पेपर, त्यामुळे झोत न पडता मऊ उजेड पसरतो. स्थिर हाताच्या त्या मुलीने सोल्डरिंग केलं. गळ्यात अडकवायला जाळ्याच्याच दोरीचा फास, तो वडिलांनी घातला, आम्हाला तसली गाठ येत नव्हती.

आठवड्याने मी किनाऱ्यावर गेलो तर रापण ओढून झाली होती आणि मंडळी बसली होती. यांच्या गळ्यातली बॅटरी बघून एकजण म्हणाला, ‘काय रे, लाल दिवो लावलंस? मंत्री झालंस की काय?’ सगळे हसले. हेही हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘गुरुजी, अजून दोन करून होये. एक माझ्या भावाक.’ आणि जरा थांबून, ‘ही एलईडीच ना?’

‘होय,’ मी म्हटलं.

‘बरा,’ म्हणाले, आणि जाळं झटकायला गेले.

मुलाने निबंध परत लिहून आणला, मी सांगितलं नव्हतं. दीड पान. त्यात ४७ ओहम आहे, दंडपेशी आहेत, जाळं जळलं तेही आहे, आणि ‘सरांनी पट्टी आणली नव्हती’ हे वाक्यही आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका. त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या, ते वाक्य तसंच ठेवलं. आधीच्या पानावरचे तीन गुण खोडून किती करावे याचा विचार करतोय. वही अजून माझ्याकडेच आहे.